नऊ दशांश सेकंद

बर्फ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो रसवंतीतला गोणपाटात गुंडाळलेला नाहीतर काडीवर थापलेला रंगीत गोळा. त्या बर्फावरून माणसांनी मैलच्या मैल धावावे, आणि ते पाहण्यासाठी लाखभर लोकांनी कडाक्याच्या थंडीत रानात उभे राहावे, ही कल्पनाच आपल्याला थोडी चमत्कारिक वाटते. तरीही फराळाचे ताट पुढ्यात घेऊन निवांत वाचावी अशी ही हकीकत आहे, म्हणून ती सांगायला बसलो.

१९९४, १९९८ आणि २००२ अशा लागोपाठ तीन हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत नॉर्वे आणि इटली हे दोन देश स्कीवरील रिले शर्यतीत एकमेकांना भिडले. प्रत्येक संघात चार गडी, प्रत्येकाला दहा किलोमीटर. म्हणजे एक शर्यत चाळीस किलोमीटरांची आणि तिन्ही मिळून एकशेवीस. मुंबईहून आगगाडीने खंडाळ्यापर्यंत जावे, सुमारे तेवढे अंतर. एवढे अंतर तोडल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या संघात फरक किती पडला? पहिल्या खेपेस चार दशांश सेकंद, दुसऱ्या खेपेस दोन, तिसऱ्या खेपेस तीन. बेरीज नऊ दशांश. पुरता एक सेकंददेखील नव्हे! डोळ्यांची पापणी दोनतीनदा लवते तेवढ्या वेळात या तिन्ही शर्यतींचे भवितव्य ठरून गेले.

एवढ्याशा वेळात माणसाचे पाय जिंकतात, की पायांखालची फळी जिंकते, की डोक्यातली युक्ती जिंकते? हा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जायला हवे.

*

नॉर्वेच्या माणसाला स्की ही खेळाची वस्तू वाटत नाही. आपल्याकडे नदीकाठच्या गावाला होडी जशी, तशी त्याला स्की. हिवाळ्यात रानातून लाकडे आणायची, शेजारच्या वस्तीवर जायचे, शिकार करायची, तर दोन लांब फळ्या पायांना बांधल्याशिवाय गत्यंतर नसे. त्यांच्या इतिहासातली सर्वांत लाडकी कथादेखील स्कीचीच आहे. १२०६ च्या हिवाळ्यात गादीच्या भांडणात हाकोन नावाच्या तान्ह्या राजपुत्राच्या जिवावर बेतले. तेव्हा बिर्केबेनर पक्षाच्या दोन योद्ध्यांनी त्या बाळाला लिलेहामरच्या बाजूने, बर्फाने झाकलेले डोंगर ओलांडून, स्कीवरून सुखरूप पलीकडच्या खोऱ्यात पोहोचवले. आपल्याकडे आजी नातवंडांना हिरकणीची गोष्ट सांगते, तशी तिकडची आजी ही गोष्ट सांगते. रेनापासून लिलेहामरपर्यंत ५४ किलोमीटरांची एक शर्यत त्या आठवणीखातर १९३२ पासून सुरू झाली. तीत भाग घेणाऱ्या प्रत्येकाला पाठीवर साडेतीन किलोंचे ओझे वाहावे लागते. ते ओझे म्हणजे तो तान्हा राजपुत्र!

पुढे १८८८ मध्ये नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले, १९११ मध्ये आमुंडसेन स्कीच्याच बळावर दक्षिण ध्रुवावर पोहोचला. १९२४ मध्ये शामोनीला पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा अठरा आणि पन्नास किलोमीटर या दोन्ही शर्यती तुरलेइफ हाउग या नॉर्वेच्याच गड्याने मारल्या. अशा देशाला स्कीत हार खाणे म्हणजे घरच्याच अंगणात ठेच लागण्यासारखे वाटले, तर नवल नाही.

आणि ठेचा लागल्या नाहीत असेही नाही. १९३६ मध्ये गार्मिशला ऑलिंपिकमधली पहिली रिले झाली. शेवटचा गडी निघाला तेव्हा नॉर्वेला एका मिनिटाहून अधिक आघाडी होती. पण फिनलंडच्या काल्ले यालकानेनने ती सगळी खाऊन टाकली आणि नॉर्वेला सहा सेकंदांनी मागे टाकले. १९८२ मध्ये ओस्लोच्या जागतिक स्पर्धेत ओदवार ब्रो आणि रशियाचा झाव्यालोव्ह रिलेच्या अखेरीस एकमेकांना धडकले, ब्रोची काठी मोडली. बाजूच्या माणसाने दिलेली दुसरी काठी घेऊन तो धावला. दोघे एकदमच रेषेवर आले आणि सुवर्णपदक दोन्ही देशांत वाटून द्यावे लागले. ‘ब्रोची काठी मोडली तेव्हा तू कुठे होतास?’ असे नॉर्वेतली माणसे अजून एकमेकांना विचारतात. एका काठीवरून काळ मोजणारा हा देश आहे.

*

आता या फळीविषयी. वरकरणी ती साधी दिसते, पण तिच्या पोटात एक विरोधाभास दडलेला आहे. पुढे जाण्यासाठी ती घसरली पाहिजे आणि रेटा मारण्यासाठी ती घट्ट रुतली पाहिजे. एकाच वस्तूने घसरावेही आणि घसरू नयेही! ही अडचण जुन्या कारागिरांनी मोठ्या चतुराईने सोडवली. स्की सपाट नसते. धनुष्यासारखी ती मध्यभागी किंचित उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखे वजन असले म्हणजे मधला भाग बर्फाला नीट टेकत नाही आणि फळी घसरत राहते. एका पायावर सगळा भार देऊन लाथ मारल्यासारखा रेटा दिला की मधला भाग खाली दबतो आणि बर्फ पकडतो. म्हणून मधल्या भागाला चिकटणारे मेण लावायचे आणि दोन्ही टोकांकडे निसटते मेण.

हे मेण म्हणजे या खेळातले सगळ्यांत मोठे गूढ. पूर्वी लाकडी फळ्यांना पाइन झाडाचे डांबर चोपडीत. मग घरोघर स्वयंपाकघरात राळ, मेणबत्त्या, सायकलच्या जुन्या ट्यूबा, फार काय ग्रामोफोनच्या तबकड्याही वितळवून निरनिराळी रसायने शिजू लागली. लोणच्याच्या मसाल्याचे प्रमाण जसे सुगरण कुणाला सांगत नाही, तसे हे प्रमाणही कुणी कुणाला सांगत नसे. कोरड्या थंड बर्फाला कडक मेण, ओलसर बर्फाला मऊ मेण, वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाला काकवीसारखे चिकट मेण, असा हा हिशेब. सर्वांत कठीण वेळ म्हणजे पारा नेमका शून्यावर असतो आणि वरून ताजा बर्फ पडू लागतो ती. सावलीत एक बर्फ, उन्हात दुसरा. मेण जरा अधिक चिकट झाले की फळीखाली बर्फाचे गोळे धरतात. जरा कमी झाले की चढावर पाय मागे सरकतो. मग जगज्जेताही नवशिक्यासारखा धडपडतो.

प्रगत साधनांनी हे गूढ संपले, असेही म्हणता येत नाही. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये हवा उबदार होती, बर्फ ओला होता. मेणाच्या विद्येत जगात अग्रेसर म्हणून मिरवणाऱ्या नॉर्वेची मेणे तिथे फसली. रिले शर्यतींत त्यांच्या स्त्रिया पाचव्या आल्या, पुरुष चौथे. आणि दोन्ही सुवर्णपदके शेजारच्या स्वीडनने नेली. गडी तेच होते, त्यांची फुप्फुसे तीच होती. खालची फळी तेवढी रुसली होती.

फळीचा इतिहासही असाच उलथापालथीचा आहे. १९७४ मध्ये फालुनच्या जागतिक स्पर्धेत स्वीडनच्या थॉमस मॅग्नुसनने काचतंतूंच्या स्कीवर तीस किलोमीटरची शर्यत जिंकली, आणि दोनतीन वर्षांतच शतकानुशतके चालत आलेली लाकडी फळी शर्यतींच्या मैदानातून बाद झाली. तिच्याबरोबर भूर्ज आणि हिकरीची लाकडे तासणारे कारागीरही मागे पडले. नव्या स्कीचा तळ प्लॅस्टिकचा. घर्षणाने बर्फाचा अगदी पातळ थर वितळतो, त्या पाण्यावरून फळी पळते. ते पाणी नीट वाहून जावे म्हणून तळावर दगडाने बारीक रेघा कोरायच्या, अशी शास्त्रे निघाली. फ्लोरिनयुक्त मेणे आली. ती पाण्याला जवळ येऊ देत नसत. पण ती पर्यावरणातून जाता जात नाहीत आणि ती लावणाऱ्याच्या शरीरातही साचतात, असे आढळले. म्हणून २०२३-२४ च्या हंगामापासून जागतिक स्पर्धांत त्यांच्यावर पूर्ण बंदी आली.

त्याहून मोठी उलथापालथ झाली ती धावण्याच्या रीतीत. बर्फात दोन समांतर चाकोऱ्या पाडलेल्या असत आणि स्कीवाल्याने त्या चाकोऱ्यांतूनच जायचे, असा शिरस्ता होता. फिनलंडच्या पाउली सिटोनेनने लांब शर्यतींत एक पाय चाकोरीत ठेवून दुसऱ्या पायाने बाजूला रेटा द्यायला सुरुवात केली. अमेरिकेच्या बिल कॉकने ती रीत उचलली आणि १९८२ मध्ये जागतिक चषक जिंकून दाखवला. पुढे दोन्ही पाय चाकोरीबाहेर पडले. बर्फावर स्केटिंग करणाऱ्यासारखे डावीउजवीकडे रेटे देत जायचे, म्हणजे चिकटणाऱ्या मेणाची गरजच नाही! जुन्या मंडळींना हा अधर्म वाटला. या रीतीला आवर घालण्याचे प्रयत्न झाले, पण चाकोरी सोडलेला माणूस वेगाने पुढे जातो हे एकदा दिसल्यावर त्याला पुन्हा चाकोरीत कोण घालणार? शेवटी १९८५ नंतर तोडगा निघाला: काही शर्यती जुन्या पद्धतीच्या, काही मुक्त पद्धतीच्या. १९९२ पासून ऑलिंपिकच्या रिलेत पहिले दोन गडी जुन्या रीतीने आणि पुढचे दोन नव्या रीतीने जाऊ लागले.

या सगळ्याचा परिणाम एका आकड्यात सांगता येईल. १९३६ मध्ये फिनलंडने चाळीस किलोमीटरची रिले जिंकली ती २ तास ४१ मिनिटे ३३ सेकंदांत. १९९४ मध्ये इटलीला लागली १ तास ४१ मिनिटे १५ सेकंद. मार्ग निराळे होते हे खरे. पण यंत्रांनी दाबलेली वाट, नवी फळी आणि नवी रीत यांनी मिळून अठ्ठावन्न वर्षांत एका तासाहून किंचित अधिक वेळ वाचवला!

*

आणि आता त्या दिवसाकडे येऊ. २२ फेब्रुवारी १९९४. स्थळ लिलेहामर, त्या तान्ह्या राजपुत्राचेच गाव. मैदानाचे नावही बिर्केबेनर. गालिच्यासारखा बर्फ, हाडे गोठवणारी थंडी, आणि मार्गाच्या दोन्ही बाजूंना झाडाझाडांतून लाखाहून अधिक माणसे. कित्येकांनी रानातच तंबू ठोकून रात्री काढल्या होत्या. ते शर्यत पाहायला नव्हे, विजय पाहायला आले होते.

त्यांची खात्री अनाठायी नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये, नॉर्वेने याच इटलीला जवळजवळ दीड मिनिटाने हरवले होते. त्या दिवशी नॉर्वेचा शेवटचा गडी ब्योर्न डेली एवढा निर्धास्त होता, की त्याने पाठमोरा होऊन, उलटे घसरत शेवटची रेषा ओलांडली. थट्टा म्हणून ते शोभून गेले. पण थट्टेची आठवण हरलेल्याला अधिक दिवस राहते.

नॉर्वेचा संघ असा: सिवर्टसेन, उलवांग, आल्सगोर आणि शेवटी डेली. यातल्या वेगार्ड उलवांगने स्पर्धेच्या उद्घाटनाला सर्व खेळाडूंच्या वतीने शपथ घेतली होती. आदल्या ऑक्टोबरात त्याचा भाऊ धावायला म्हणून घराबाहेर पडला होता, तो परतलाच नव्हता. ते दुःख उरात घेऊन हा गडी उभा होता.

इटलीच्या संघात मार्को अल्बारेल्लो, जॉर्जो वानझेत्ता आणि सिल्विओ फाउनेर हे १९९२ चेच तिघे. पहिला गडी तेवढा नवा. नवा म्हणजे सर्वांत जुना! मॉरिलिओ दे झोल्ट, वय ४३, व्यवसायाने आगीच्या बंबावरचा शिपाई. त्याच्या चपळ, तुरुतुरु पावलांमुळे इटलीत त्याला ‘नाकतोडा’ म्हणत. त्याची सारी कीर्ती मुक्त पद्धतीतली. पन्नास किलोमीटरचे १९८७ चे जागतिक अजिंक्यपद त्याने त्याच रीतीने मिळवले होते. त्याला इथे जुन्या पद्धतीच्या पहिल्या टप्प्यावर उभे केले. काम एकच: जिंकायचे नाही, मागे पडायचे नाही. म्हाताऱ्याने ते काम चोख बजावले. त्याने फारसा वेळ गमावू दिला नाही. अल्बारेल्लो आणि वानझेत्ता यांनीही दोर तुटू दिला नाही. या शर्यतीत हातात दांडी द्यायची नसते. मागून येणाऱ्याने पुढच्याच्या अंगाला हात लावायचा असतो. शेवटचा स्पर्श झाला तेव्हा नॉर्वे आणि इटली अद्याप बरोबरीतच होते.

आता डेली आणि फाउनेर. एकीकडे त्या काळातला जगातला सर्वश्रेष्ठ स्कीवीर. त्याच स्पर्धेत दोन सुवर्णपदके त्याने आधीच घेतलेली. दुसरीकडे सप्पादा नावाच्या डोंगराळ गावातला पंचविशीतला तरुण.

इथे युक्तीचा भाग सुरू होतो. एकेकट्याच्या शर्यतीत गडी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने सुटतात. तिथे प्रतिस्पर्धी घड्याळ असते. रिलेत प्रतिस्पर्धी पाठीशी श्वास टाकीत असतो. जो पुढे असतो तो वारा फोडतो आणि दमतो. मागचा त्याच्या आडोशाने येतो आणि शक्ती राखतो. उतारावर तर मागच्याची फळी आपसूक पुढच्याच्या टाचेला लागते. म्हणून बलवानाने काय करावे? लांबच्या चढावर असा वेग घ्यावा की मागच्याची दमछाक होऊन तो सुटून पडावा. डेलीने तेच केले. एकामागून एक चढ त्याने जीव तोडून घेतले. फिनलंडचा गडी गळाला; अखेरीस तो पूर्ण एक मिनिट मागे राहिला. पण फाउनेर सुटेना. सावली जशी सुटत नाही तसा सुटेना.

मग डेलीने दुसरा डाव टाकला. तो वेग कमी करू लागला, की फाउनेरने पुढे यावे आणि वारा फोडावा. फाउनेर पुढे येईना. लाख माणसे ओरडत असताना, ऑलिंपिकच्या सुवर्णपदकासाठी धावणारे दोन वीर ‘आधी तुम्ही’, ‘छे, आधी तुम्ही’ म्हणणाऱ्या दोन सज्जनांसारखे रेंगाळले! ज्याला शेवटच्या काही मीटरांतल्या आपल्या उडीची खात्री असते, त्याला थांबणे परवडते. डेलीपाशी दम अफाट होता, पण ही क्षणाची उडी ही फाउनेरची मिरास होती. शर्यत डेलीच्या अंगणात होती. डाव मात्र फाउनेरच्या सोयीने चालला होता.

दोघे मैदानात शिरले. शेवटच्या सरळ पट्टीत दोघांनी सर्वस्व ओतले. फाउनेरने डेलीला मागे ठेवले. इटली १ तास ४१ मिनिटे १५.० सेकंद, नॉर्वे १ तास ४१ मिनिटे १५.४ सेकंद.

त्या क्षणी मैदानावर जी शांतता पसरली, ती तिथे हजर असलेल्यांच्या कायमची लक्षात राहिली. घंटा आणि झेंडे हातातच राहिले. त्या शांततेत चार इटालियन तेवढे एकमेकांच्या गळ्यात पडून ओरडत होते. त्यांच्यात एक त्रेचाळीस वर्षांचा बंबवाला होता, आणि त्याचे हे पहिलेच ऑलिंपिक सुवर्णपदक होते.

*

हारलेल्याचा मोठेपणा दोन गोष्टींत असतो: तो काय शिकतो आणि तो कसा वागतो. नॉर्वे शिकले. १९९८ मध्ये नागानोला त्यांनी डेलीला तिसऱ्या टप्प्यावर घेतले आणि शेवटी उभा केला थॉमस आल्सगोर. कारण अखेरच्या उडीत तो तरबेज होता. पुन्हा समोर फाउनेरच. या वेळी आल्सगोर दोन दशांश सेकंदांनी पुढे. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला पुन्हा आल्सगोरच. समोर इटलीचा क्रिस्तियान झोर्झी. फरक तीन दशांश. ज्या शस्त्राने घाव झाला, तेच शस्त्र नॉर्वेने घडवून घेतले होते.

आणि डेली कसा वागला? नागानोलाच दहा किलोमीटरची शर्यत जिंकल्यावर तो शेवटच्या रेषेपाशी थांबून राहिला. फिलिप बोइट नावाचा केनियाचा एक धावपटू अजून मार्गावर होता. बर्फाशी ज्याची जेमतेम दोन वर्षांची ओळख, असा तो गडी डेलीनंतर सुमारे वीस मिनिटांनी, ब्याण्णवावा म्हणजे अगदी शेवटचा आला. पदकसमारंभ खोळंबला तरी चालेल, पण या माणसाला मिठी मारल्याशिवाय हलायचे नाही, असा डेलीचा हट्ट. पुढे बोइटने आपल्या मुलाचे नाव ठेवले डेली. दोन वर्षे घाम गाळून बर्फावर उभा राहिलेला माणूस आणि आठ ऑलिंपिक सुवर्णपदकांचा धनी, यांच्यातले अंतर त्या मिठीत वीस मिनिटांचेही उरले नाही.

२००६ मध्ये ऑलिंपिक इटलीत, तोरिनोला आले. या वेळी झुंज झालीच नाही. नॉर्वे पाचवे आले, आणि घरच्या प्रेक्षकांपुढे झोर्झी तिरंगी इटालियन झेंडा हाती घेऊन रेषेपार गेला. त्याच संघात जॉर्जो दी चेंता नावाचा एक गडी होता. त्याची बहीण मानुएला हिने लिलेहामरला एकटीने पाच पदके मिळवली होती, त्यांत दोन सोन्याची. समारोपाच्या दिवशी पन्नास किलोमीटरची शर्यत जॉर्जोने जिंकली. तीही एका सेकंदाहून कमी फरकाने, आठ दशांशांनी. संध्याकाळी समारोपाच्या सोहळ्यात त्याच्या गळ्यात पदक घालायला ऑलिंपिक समितीच्या वतीने जी सदस्या पुढे आली, ती मानुएलाच होती. भाऊबीज त्यांच्याकडे नसते; पण बहिणीने भावाला ओवाळावे असा तो प्रसंग आपल्याला परका वाटत नाही.

पाय, फळी की युक्ती, या प्रश्नाचे उत्तर मी शोधायला निघालो होतो. सोचीत फळी रुसली तेव्हा पाय हतबल झाले. लिलेहामरला पाय अधिक बलवान होते, पण युक्ती जिंकली. आणि त्रेचाळीस वर्षांच्या बंबवाल्याने आपला टप्पा सांभाळला नसता तर फाउनेरच्या युक्तीला संधीच मिळाली नसती. नऊ दशांश सेकंद दिसायला शेवटच्या माणसाचे असतात. त्यांतला कितीतरी वाटा पहाटे उठून मेण शिजवणाऱ्याचा, आणि मागे न पडता हात पुढे करणाऱ्या पहिल्या गड्याचा असतो.